अर्धा किलो परदेशी माती

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या बंदरावर अर्धा किलो माती स्थानबद्ध करण्यात आली. ती समोरच्या स्कॉटलंडमधल्या गर्वन गावाहून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बोटीने आली होती. आभाळ निवळलं की आमच्या उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या कड्यावरून तिकडची घरं दिसतात. देश एकच, राजा एकच, पासपोर्ट एकच. पण देशाने युरोपच्या संघाशी काडीमोड घेतला आणि शेजारचं आयर्लंड प्रजासत्ताक संघातच राहिलं, तेव्हा आयर्लंडच्या जमिनीवर कुंपण नको, म्हणून मोठ्या लोकांनी सरहद्द उचलली आणि मधल्या समुद्रात नेऊन टाकली. आम्ही उरलो अलीकडे, आमचा देश पलीकडे.

माती हर्बर्ट मॅकिल्रॉयच्या बायकोसाठी होती. आयलसा रविवारी गेली. बेचाळीस वर्षं तिने इथे मेंढरं राखली, कधी काही मागितलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्या पेटीवर पहिली मूठ माहेरच्या मातीची पडू दे." दफन बुधवारी दुपारी दोनला. तिची बहीण मोराग डबा घेऊन लगोलग निघाली.

मोरागने डबा पर्समध्ये टाकला असता तर कुत्र्यानेही हुंगला नसता. पण हर्बर्ट पडला आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा वडील, म्हणजे पंच. त्याने फोनवर बजावलं, "लपवायचं नाही. आपण काय चोर आहोत? आपल्याच देशात आपलीच माती! सरळ खिडकीवर जा, डबा उघड आणि खरं ते सांग."

आमची माणसं अशीच. मत देताना वाटेल ती थाप गिळतील आणि डबा उघडताना हरिश्चंद्र होतील. सार्वमताच्या वेळी 'बाहेर पडा' हा फलक हर्बर्टच्या ट्रॅक्टरवर तीन महिने होता. तो बांधायला दोरी माझी होती.

मीच त्याला बंदरावर घेऊन गेलो. मोराग डबा उघडून खिडकीशी उभी होती. खिडकीमागे माल तपासणाऱ्या मिसेस कुलबर्ट बसल्या होत्या. चेहऱ्याला इस्त्री.

"मातीचं प्रयोजन?"

"दफन," हर्बर्ट म्हणाला.

"दफन यादीत नाही. विक्री, प्रक्रिया किंवा लागवड. एकावर खूण करा."

हर्बर्ट माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "जमिनीतच घालायचीय ना? कर लागवडीवर खूण." झालं. मीच घात केला.

"लागवडीतून अपेक्षित उत्पादन?"

हर्बर्टने टोपी काढली. खोटं बोलणं त्याला येत नाही. "आयलसा," तो म्हणाला.

"कळलं नाही."

"शेवटच्या दिवशी मेलेले उठणार आहेत, बाई. आमची तशी श्रद्धा आहे."

बाईंनी लिहिलं: उत्पादन, नग एक. काढणीची तारीख, अनिश्चित. मग पान उलटलं. "सदर उत्पादन पुढे युरोपच्या संघात जाण्याची शक्यता?"

"ती वर जाईल."

"नकाशात वर म्हणजे डोनेगल? डोनेगल आयर्लंड प्रजासत्ताकात, म्हणजे संघात येतं."

"स्वर्गात हो, बाई!"

"स्वर्ग संघात आहे की बाहेर, याचं परिपत्रक अजून आलेलं नाही. शक्यता नाकारता येत नाही, असं लिहिते."

आता मोराग भडकली. "अगं ए, माझी बहीण नवरी होऊन याच धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्या बुटांना शेरभर चिखल होता! तेव्हा कुठे गेली होतीस?"

"माझा जन्म व्हायचा होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मला 'अहो' म्हणा. हे कार्यालय आहे."

"बाई," हर्बर्ट म्हणाला, "उद्या दोन वाजता तिला पुरायचंय."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियमांची वही तीनदा चाळली आणि हळूच म्हणाल्या, "एक सवलत आहे. रोपांना चिकटलेली माती चालत नाही, म्हणून लोक मुळं धुऊन आणतात. मग माल सोडता येतो. तुम्हीही धुवा."

"काय धुऊ?"

"माती. तिच्यातली माती निघून गेली की मला काहीच हरकत नाही."

"अहो, पण ती मातीच आहे!"

"तोच तर आक्षेप आहे, साहेब."

मागच्या खोलीत एक मोरी होती. हर्बर्टने बाह्या सरसावल्या आणि बायकोचं माहेर नळाखाली धरलं. मोराग दाराशी उभी राहून हुंदके देत होती. काळं पाणी मोरीतून खाली आणि तिथून थेट बंदरात गेलं. त्याला कुणी प्रयोजन विचारलं नाही. डब्यात चार खडे उरले. बाईंनी ते पुसून पाहिले आणि शिक्का मारला: मातीविरहित, प्रवेशास पात्र.

बुधवारी दोन वाजता ते खडे पेटीवर टाकले. टक, टक, टक, टक. 'मातीला माती' म्हणता म्हणता आमचे पाद्रीसाहेब अडखळले. हर्बर्ट हात पुढे करून तसाच उभा राहिला, जणू मुठीतून अजून काही पडायचं बाकी होतं.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचं होती. तिथे 'बाहेर पडा'वाल्या पक्षाचा माणूस आला. काळा टाय, डोळ्यांत पाणी, काखेत कागदांचा गठ्ठा. हर्बर्टचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "दादा, हे असं का झालं ठाऊक आहे? आपण अर्धवट बाहेर पडलो म्हणून. आता पूर्ण बाहेर पडायचं. सही करा."

"कशातून बाहेर?" मोरागने विचारलं.

"ते समिती ठरवेल, ताई. आधी सह्या तर जमू द्या."

हर्बर्टने सही केली. मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "लेका, वाचलंस तरी का?"

"वाचायचं काय, सॅमी? आपलाच माणूस आहे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

कागद माझ्याकडे आला. सगळा हॉल बघत होता, सँडविच हातात होतं, नाही कसं म्हणायचं? मीही केली. माझ्या नावाखालची ओळ अजून रिकामी आहे. तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, ते चालू द्या. पेन मात्र धरा, आणि नाव जरा वाचता येईल असं लिहा.