परबकाकांची अर्धी चावी

आमच्या मजल्यावर इंटरनेट येत नाही, सुटतं. परबकाका ते सोडतात.

दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यावर चार घरं आहेत. समोरचं दार परबकाकांचं. काका महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते, रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवणारे. कुठल्या गल्लीला कधी आणि किती पाणी, हे त्यांच्या मनगटावर चालायचं. निवृत्त झाल्यावर मनगट रिकामं राहिलं. काकी आधीच गेल्या होत्या आणि मुलगा बंगळुरूला. मग पुतण्याच्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याचा सर्व्हर केला आणि जाहीर केलं, की चौघांनी चार लाइनी कशाला घ्यायच्या, एक मोठी घेऊ, वाटप मी बघतो. आम्ही हो म्हणालो. तिथेच आमची वाट लागली.

सर्व्हरवर मजल्याचा कॅमेरा आहे, सगळ्यांच्या फोटोंची साठवण आहे, काकांनी जमवलेले सिनेमे आहेत, आणि उरलं तर आमचं नेट. प्रत्येकाला काकांनी वेगळी चावी ठरवून दिलीय. कॅमेऱ्याला बारीक धार, पण चोवीस तास. फोटोंनी पहाटे जायचं. कांबळे मॅडम शाळेचे तास घरून घेतात, म्हणून सकाळी त्यांना पूर्ण प्रेशर. एकदा मॅडमनी भाचीच्या लग्नाचे फोटो भरदुपारी चढवायला घेतले, तर काकांनी ते मधेच थांबवले. नवरी अर्धी सर्व्हरवर आणि अर्धी मोबाइलमध्ये. मॅडम तणतणत आल्या. काकांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि एका टाकीतून दोन मजल्यांना पाणी कसं चढतं ते समजावून सांगितलं. मॅडम घरी परतल्या तेव्हा त्यांना राग नेमका कशाचा आला होता तेच आठवेना.

"कोणाचा पाणी तोडूचा नसता," काका नेहमी म्हणतात. "चावी अर्धी करूची."

ही अर्धी चावी माझ्या वाट्याला दर गुरुवारी यायची, बरोबर संध्याकाळच्या मीटिंगला. स्क्रीनवर मालाडच्या ऑफिसातले साहेब तोंड उघडे ठेवून गोठायचे. मी उठायचो, समोरची बेल वाजवायचो. काका म्हणायचे, "बस मरे, बघतंय." मग चष्मा, मग चहा, मग जोगेश्वरीच्या कुठल्याशा जुन्या पाइपाची गोष्ट. चहा संपेपर्यंत नेट सुरळीत व्हायचं आणि मीटिंग आटोपलेली असायची. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण नसायचं. काकांशी भांडणंसुद्धा चहावरच संपतात.

शेवटी साहेबांनी सांगितलं, की पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, रोज मालाडला यायचं. बायको दिवसभर बाहेर असते. शाळेतून येणाऱ्या मुलीला मग कोण बघणार? मी निमूटपणे स्वतःची वेगळी लाइन मागवून टाकली आणि त्याच गुरुवारी काकांना ते सांगायला गेलो. मीटिंग सुरू व्हायला अजून वेळ होता.

दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात होते. टेबलावरच्या स्क्रीनवर मजल्यावरच्या सगळ्यांची नावं आणि त्यांच्या चाव्या ओळीने दिसत होत्या. कोणीच काही वापरत नव्हतं. कॅमेऱ्याची बारीक धार सोडली तर लाइन सगळी मोकळी पडली होती. फक्त माझ्या नावापुढची चावी अर्ध्याहून खाली आणलेली, आणि बाजूला ट्रेमध्ये दोन कप मांडून ठेवलेले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

काका चहा घेऊन बाहेर आले. मी लाइनीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, बरं केलंस म्हणाले, मुलीची चौकशी केली. मग बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी वेळेवर इला तर कोण येता रे दारात? नाय इला, की अख्खी चाळ येता."

नवी लाइन झकास आहे. पुढच्या गुरुवारी मीटिंग एकदाही न अडकता पार पडली, साहेब पहिल्यांदाच सलग हलताना दिसले. मी लॅपटॉप मिटला, चपला अडकवल्या आणि समोरची बेल वाजवली.

"काका, नेट स्लो आहे," मी म्हणालो.

काकांनी चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं. माझ्या नावापुढे शून्य होतं. सकाळपासून माझ्या घरात त्यांच्या लाइनीचा एक थेंब आला नव्हता. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"होय मरे, आज प्रेशर कमी हा," ते म्हणाले. "बस." आणि चहा टाकायला आत गेले.