एका अक्षराचा निरोप

"अरे, उठून दिवा मालवला असतास, तर एव्हाना झोप लागली असती!"

दिव्याच्या बटणाला दोरी बांधून ती पलंगापर्यंत ओढत आणणाऱ्या लेकाला आई असं म्हणाली होती. लेक मोठा झाला, प्रोग्रामर झाला, पण ती दोरी काही सुटली नाही. संगणकाच्या काळ्या पडद्यावर रोज लिहाव्या लागणाऱ्या लांबलचक हुकमांना त्यानं एलियस, म्हणजे एकेका अक्षराची टोपणनावं ठेवली होती. ऑफिसात मग त्यालाच टोपणनाव पडलं: शॉर्टकट.

सकाळी दारात बायको म्हणाली होती, "आज तरी उजेडी ये. एकत्र जेवू." त्यानं शब्द दिला होता. चारलाच काम आटोपलं, बॅग खांद्याला लागली. एवढंच बघायचं राहिलं होतं, की आपण ही टोपणनावं कितपत वापरतो हे मोजणारा आपला नवा प्रोग्राम काय म्हणतो.

प्रोग्राम म्हणाला, तेहतीस टक्के. बाकी वेळा साहेब अख्खा हुकूम टाइप करत होते. स्वतःच ठेवलेली नावं स्वतःलाच आठवत नव्हती.

"काठावर नापास," शेजारी बसणारी, प्रोग्राम तपासणारी टेस्टर मान वळवून म्हणाली. "घरी जा बाबा, वहिनी वाट बघत असतील."

"जातो गं. हा आकडा तेवढा पन्नासच्या वर नेतो, की निघालोच."

बूड खुर्चीला टेकेना, पाय जमिनीवर ठरेना. आकडा वाढवायला कुठलंही टोपणनाव चाललं असतं. बोट आपसूक ज्या अक्षराकडे गेलं, ते त्यानं दाबलं. एंटर. पुन्हा दाबलं. एंटर. आकडा चढत गेला, तसा हात सुटतच गेला. हुकूम कसला आहे हे बघायला सवड कोणाला?

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरू लागला, तो थांबेचना.

"अरे उचल तो, पडेल खाली!"

बायकोचे निरोप, एकाखाली एक, सगळे सारखे: "बरं. मी जेवले. सावकाश ये."

शॉर्टकटनं आता कुठे दाबलेलं अक्षर नीट पाहिलं. ते अक्षर म्हणजे त्याचं सगळ्यांत लाडकं टोपणनाव. दाबलं की बायकोला मजकूर जायचा: "उशीर होईल, तू जेवून घे."

टेस्टरनं वाकून पाहिलं. "वहिनी इतक्यांदा जेवल्या? तेही दुपारी चारला?"

त्यानं धडपडत फोन लावला. "अगं, ते सगळे चुकून गेले. मी निघालोय! पण तू एवढं टाइप तरी कधी केलंस?"

"मी कुठे करते? तुझा निरोप आला की फोनच उत्तर देतो. वर्ष झालं."

"म्हणजे तूसुद्धा!" त्याला अभिमानच वाटला. "तुझी टक्केवारी तर शंभर भरेल गं!"



"एक सांगू? त्यातलं एकही उत्तर खरं नव्हतं," ती म्हणाली. "तू आलास, की 'थोडंसं खाते तुझ्याबरोबर' म्हणून बसायचे ना मी? तेच माझं जेवण."