अप्पांच्या दुकानातला ढोलवाला

परभणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत अप्पांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथं बाईनं हात पुढं केला की अप्पा आधी माप बघत नाहीत. तिचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरतात, अंगठ्याच्या बुडाशी हलकेच दाबतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "कडक हाय. थांब माय, तुला भिजलेला लावतो."

मग उठून मागच्या फळीवरची एक मोठी काळी तबकडी काढतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात आणि प्लेअरवर ठेवतात. जरा खरखर होते, आणि राणीसावरगावहून लग्नाच्या खरेदीला आलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा सॅक्सोफोन ऐकते.

"अगं बाई, हे कोण रडायलंय?"

"रडत न्हाई. सांगायलाय. तू ऐक, हात माझ्याकडं राहू दे."

बाई ऐकायला लागते. अप्पा तिचा अंगठा आत दुमडतात, आणि तबकडीची एक बाजू संपायच्या आत दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या चढलेल्या असतात. एकही वाढलेली नसते. बांगडी फुटली असं अप्पांच्या दुकानात म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि घाई हा शब्द तर काढायचाच नाही. "घाई न्हाई" हे अप्पांचं रोजचं बोलणं. बस सुटायला आलेली असो की नवरा दारात चुळबुळत असो, "घाई न्हाई. हात भ्याला की हाडं वर येतात."

या तबकड्या आल्या हैदराबादहून. अप्पा तरुणपणी मालासाठी तिकडं जायचे. बायकोला भजनं ऐकायची हौस होती म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक प्लेअर घेतला. दुकानदारानं त्याच्यासोबत खोकंभर तबकड्या फुकट दिल्या. "ये कोई नहीं लेता अप्पा, ले जाओ." अप्पा ते अजून त्याच सुरात सांगतात आणि पुढं आपलं जोडतात, "गाजलेल्या सगळ्या लोकांनी नेल्या. ह्या मागं राहिल्या. आता मला सांग, वाजवणाऱ्यानं तर ह्यातबी तेवढाच दम लावलाय की! कुणी ऐकलं न्हाई ह्यात त्याचा काय गुन्हा?"

हे अमेरिकेतलं जॅझ होतं. त्यातही निम्म्या तबकड्या हार्ड बॉप म्हणतात त्या प्रकारच्या आणि उरलेल्या जॅझ-फंकच्या. ही नावं मला नंतर कळली. अप्पांनी त्यांना आपली नावं दिली होती. 'भिजलेला' म्हणजे जिच्या वेष्टनावर ओल्या कोटातला माणूस बाकावर बसलाय ती. संथ, जड सॅक्सोफोन. खुरपून खुरपून राठ झालेल्या हातांसाठी हीच. 'नारंगी गाडी' नवरीसाठी. तिच्यात एक ऑर्गन आहे आणि खाली पिठाच्या गिरणीसारखा एका लयीत धुमसणारा बेस. दोन मिनिटांत नवरीची मान डोलते आणि करवल्या हसायला लागतात. 'उघडी'चं वेष्टन हरवलंय, ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते. तिच्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आधी मिळून चाल सांगतात, मग एकेकटे निघतात, एकमेकांना उत्तरं देतात आणि शेवटी पुन्हा एका चालीवर येतात. ती सासू-सुना जोडीनं आल्या की लागते. "बघा," अप्पा दोघींना सांगतात, "हे बी भांडायलेत. पण घर सोडून कुणी गेलं न्हाई."

गेल्या वर्षी पुण्याचा एक दाढीवाला तरुण ऐकीव माहितीवर शोधत शोधत आला. 'उघडी' हातात घेऊन तो उलटसुलट बघायला लागला. ही तबकडी जग विसरलंय म्हणाला, वाजवणारे एकाहून एक होते पण तेव्हा कुणी दखल घेतली नाही, आता लोक हिच्या शोधात आहेत.

"मग सापडली की," अप्पा म्हणाले. "बस, ऐक."

तो बसला. बदल्यात दुसरी एक, फार नावाजलेली तबकडी देतो म्हणाला. अप्पांनी हात हलवला. "गाजलेलं नको. आन् हिला तुमी नेऊन काचेच्या कपाटात ठेवसाल. हितं रोज चार बायका ऐकतात." मग त्यांनी सोग्यानं तबकडी पुसली, तेव्हा त्या पोराचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या पोटावरून विळा फिरवतंय. गाडी चुकवून तो संध्याकाळपर्यंत ऐकत बसला. जाताना तबकडी मिळाली नाही. आईसाठी बांगड्या तेवढ्या मिळाल्या.

माझी आणि अप्पांची ओळख मात्र बांगड्यांमुळं झाली नाही, बसमुळं झाली. मी पेडगावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कॉलेज दुपारी सुटायचं आणि माझ्या सोयीची बस त्यानंतर दोन तासांनी. हे दोन तास म्हणजे माझी रोजची फजिती. स्टँडवर उभं राहिलं तर गावातला कुणी ना कुणी बघणार आणि घरी सांगणार, "तुमची पोरगी स्टँडवर हिंडत व्हती." एकदा उन्हाला कंटाळून टेकले ती अप्पांच्या पायरीवर. आतून आवाज आला, "गाव कोणतं?"

"पेडगाव."

"पेडगाव, आत येऊन बस. बांगडीच्या दुकानात बसलेल्या पोरीला कोण काय म्हणंल?"

त्यांचं खरं होतं. त्या गल्लीत मुलीनं निर्धास्त बसावं अशी तेवढी एकच जागा होती. अप्पा सगळ्या बायकांना गावाच्या नावानं हाक मारतात, माझं नाव तेव्हापासून पेडगाव पडलं. पण बसायला एक अट होती. "कॉलेजात जातीस ना? मग ह्या तबकड्यांच्या वेष्टनांच्या पाठीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मला वाचून सांगायचं. इतकी वर्सं ऐकायलोय, ही माणसं कोण हायत तेच माहीत न्हाई."

मी मान डोलावली. न डोलावून करते काय! पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माझं इंग्रजी म्हणजे पाठ केलेले दोन निबंध. त्या पाठीवरचं इंग्रजी घट्ट पिठल्यासारखं, चमचा आत जाईना. पण येत नाही म्हणाले असते तर ती जागा गेली असती, आणि जागा गेली असती तर कॉलेज. म्हणून मी बोट ओळीवरून सरकवत राहिले आणि तोंडाला येईल ते सांगत सुटले.

'भिजलेला'च्या ड्रमवाल्यावर माझा जीव जडला. अप्पा त्याला ढोलवाला म्हणायचे. मी सांगितलं, हा खेड्यातला. बाप कोरडवाहू शेतकरी. पोरगा पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा, मग शहरात शिकायला जायला लागला. अप्पांनी हातातली बांगडी खाली ठेवली. "मग?"

दुसऱ्या दिवशी मी टेकायच्या आत तेच. "ढोलवाल्याचं काय झालं पुढं?"

त्याच दिवसांत आमच्या घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा चांगला होता, म्हणजे त्याच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. दादांनी, माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं की दिवाळीनंतर उरकायचं. बाकीचं वर्ष राहिलं तर राहिलं. मी हे मैत्रिणींनासुद्धा सांगितलं नव्हतं. अप्पांना तर नाहीच. मी फक्त वाचून दाखवत होते.

"बाप म्हणाला, झालं तेवढं शिकणं पुरे. सुगी झाली की तुला मामाच्या गावी दुकानात बसवतो."

"बाप वाईट व्हता का गं?"

"नाही अप्पा. लोकांना भ्यायचा. पोरगं रोज उशिरा घरी येतं, लोक विचारतात, त्याला उत्तर देता यायचं नाही."

"आन् पोरगा काय म्हणला?"

"काही नाही म्हणाला. त्याला बोलता येत नव्हतं बापापुढं."

अप्पांनी समोरचे रिकामे डबे एकावर एक रचले. "गाव कोणतं त्याचं?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहिलं असंल. नीट बघ."

एका वेष्टनाच्या पाठीवर आठवडाभर पुरेल इतका मजकूर कसा मावला, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी दुकानाला कुलूप होतं. अप्पांचं दुकान सणाला, कुणाच्या मयतीलाही अर्धं तरी उघडं असायचं. शेजारच्या मोबाइलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पेटारा घेऊन सकाळीच कुठं तरी गेलेत. म्या म्हणलं, आज तरी जरा शांतता!" आणि मग थोड्या वेळानं, "पण करमायलं न्हाई राव."

बुधवारी अप्पा जागेवर होते. मी काही विचारलं नाही. ढोलवाल्याविषयी त्यांनीही त्या दिवशी काही विचारलं नाही. 'नारंगी गाडी' लावून आम्ही ऐकत बसलो.

घरी मात्र काही तरी बदललं होतं. लग्नाचा विषय निघेना. पंधरा दिवसांनी जेवताना दादा ताटाकडं बघत म्हणाले, "परीक्षा कवा हाय म्हणलीस?" आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं. चमत्कार झाला असं धरून मी तारीख सांगितली आणि आणखी भाकरी घेतली. पुढं पदवी झाली, बी.एड. झालं, आणि आता मी एका शाळेत इंग्रजी शिकवते. हे लिहिताना मला जरा हसू येतं, पण माझी मुलं पास होतात. लग्नही झालं, माझ्या पसंतीचं, माझ्या वेळेला. त्या पाठींवरचे शब्द कळावेत म्हणून मी गुपचूप डिक्शनरी घेतली होती, माझं इंग्रजी हा तिचा परिणाम.

खरी गोष्ट मला कळली ती याच उन्हाळ्यात. माहेरी गेले होते. दादा ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. एकदम म्हणाले, "तुझ्या ओळखीत परभणीचा कुणी ढोलवाला व्हता का गं?"

"ढोलवाला?"

"तू कॉलेजात व्हतीस तवा एक म्हातारा आला व्हता घरी, कॉलेजला जाणाऱ्या पोरीचं घर इचारत. कपाळाला भस्म, बांगड्यांचा पेटारा. म्हणला, पोरीचं लगीन हाय म्हणं, चुड्याचं बोलायला आलो. म्या म्हणलं, अजून कुणाला सांगितलं न्हाई, तुमाला कोण बोललं? तर म्हणला, एका ढोलवाल्यानं सांगितलं. म्या आपल्या गावातल्या ढोल-ताशावाल्याशी सहा महिने बोललो न्हाई त्या पायी."

 "मग? काय बोलले ते?"

"चुड्याचं काहीच न्हाई. आपल्या लेकीचं बोलला. लेक शाळेत हुशार व्हती, ह्यानं लवकर उजवली. मोठ्या हौसेनं स्वतः चुडा भरायला बसला. म्हणला, तिचा हात दगडासारखा झालता. तीन बांगड्या वाढल्या. एवढी जिंदगी बायकांचे हात धरण्यात गेली माझी, आन् घरच्या हाताचं मला कळलं न्हाई. मी तवा म्हणलो, माल कच्चा हाय, आन् दुसरा डबा उघडला, म्हणला."

दादांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"लेक येती म्हणला सणावाराला. सैपाक करती, घर झाडती, जाती. बोलत न्हाई. तवापासनं मी आधी हात बघतो, म्हणला. मग उठला, पाणी पिला, आन् जाताना म्हणला, तुमी एकदा पोरीचा हात धरून बघा. त्या रात्री तू निजली व्हतीस. म्या बघितला."

मी वाटी ओढून घेतली आणि त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला बसले. 

दुसऱ्याच दिवशी परभणीला गेले. अप्पा आता थकलेत, पण दुकान उघडं होतं. पिंगळीची एक बाई हात देऊन बसली होती आणि 'भिजलेला' चालू होता. मी मोकळं वेष्टन घेतलं आणि न विचारता पाठीवरचं वाचायला लागले. पहिल्यांदाच सगळं खरं वाचलं. कुठल्या शहरात वाजवलं, कोण कुठलं वाद्य वाजवतंय, आणि ड्रमवाल्याविषयी एकच ओळ: हा नवा आहे, याच्याकडं लक्ष ठेवा.

"एवढंच लिहिलंय?" अप्पांनी विचारलं.

"एवढंच, अप्पा."

त्यांनी मान हलवली. त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. पिंगळीच्या बाईच्या मनगटावर शेवटची बांगडी सरकवली, तिनं वाकून नमस्कार केला, तो घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् त्याचा बाप? बरा हाय का?"

"बरा आहे," मी म्हणाले. "गुडघे दुखतात जरा. तरी शेतात जातो."

"म्हणावं, एखाद्या दिवशी ये हितं. बसू दोघं ऐकत."