अकरा ते बारा, कुणीही यायचं नाही

घर विकायला दलाल लागतो असं म्हणणारे लोक आळशी असतात. मी चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यात विमा मारला. दोन बेडरूमचं घर विकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! बायकोला मी तसं ऐकवलंही, आणि हे विकून गावाबाहेर बंगला घेऊ, हेही.

"अहो, मग पहिल्याच गिऱ्हाइकाला विकून दाखवा," ती म्हणाली. "नाही जमलं तर 'गावाबाहेर बंगला' हे शब्द पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत."

मी पैज घेतली.

घरात खोट नव्हतीच. खिडकीत उभं राहिलं की बंदर, धक्का, बोटी, सगळं दिसतं. अडचण होती ती शेजाऱ्यांची. इमारतीत नऊ घरं आणि सहा भाषा. कुणाचं गाणं, कुणाचं भांडण, कुणाचं तळण. त्यात मला किल्ली विसरायची सवय, म्हणून आमच्या घराची एकेक किल्ली चौघांकडे. कधीही कुणीही आत येतं.

म्हणून शनिवारी मी दारोदार फिरलो. "उद्या अकरा ते बारा कुणीही यायचं नाही, आवाज करायचा नाही. काहीही झालं तरी!" ज्यांना माझी भाषा कळत नाही त्यांना हातवारे करून समजावलं. भिंतीपलीकडच्या वेल्डरने तर छातीवर हात ठेवून वचन दिलं. त्याच उत्साहात संध्याकाळी मागच्या बेडरूमच्या दाराला मी स्वतः रंगही फासला.

रविवारी अकराला जोडपं आलं. तो शिक्षक, ती दंतवैद्य. इमारत चिडीचूप. बायको "जरा जाऊन येते" म्हणून गेलेली.

"शेजारी कसे आहेत?" दंतवैद्य बाईंनी विचारलं.

"आहेत की नाहीत तेसुद्धा कळत नाही," मी म्हणालो. "आणि दारं बघा, वारा आत यायचा नाही." दोघांना मागच्या बेडरूममध्ये नेऊन मी दार दणकन लावलं.

अर्धवट वाळलेला रंग चौकटीला चिकटला. मी दार ओढलं, तर मूठच हातात आली.

फोन दिवाणखान्यात. मी खिडकीतून हाक मारली. वरच्या गॅलरीत नर्सताई झाडांना पाणी घालत होती.

"ताई, आम्ही अडकलोय!"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "काका, हळू बोला. तुमच्याकडे पाहुणे आहेत ना?" आणि आत निघून गेली.

मी भिंत बडवली. पलीकडून वेल्डरने दोनदा हलकेच ठोकलं. वचन लक्षात आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

शिक्षक घड्याळ बघत म्हणाले, "इथे कुणी कुणाच्या मदतीला येत नाही वाटतं?"

हे मात्र मला झोंबलं. "काय बोलता! गेल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली, तेव्हा याच वेल्डरने मला पाठुंगळी घेऊन चार जिने उतरवलं. नर्सताई तीन दिवस आमच्या हिला सोडून हलली नाही. खालच्या शिंपीणआजींचा एक शब्द मला कळत नाही, पण महिनाभर त्यांचा डबा येत होता."

ज्यांच्यामुळे मी जिवंत आहे, त्यांनाच मी तासभर नाहीसं व्हायला सांगितलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

धक्क्यावर बाराचा भोंगा झाला आणि बाहेरच्या कुलपाशी किल्ल्यांची झटापट ऐकू आली. वेल्डरने खांदा मारून बेडरूमचं दार उघडलं. मागे औषधांची पेटी घेऊन नर्सताई, डबा घेऊन आजी, आणि सगळ्यांच्या मागे, हातात चहाचा कप घेतलेली बायको.

"तू कुठे होतीस?"

"वर, नर्सताईकडे. हे सगळे सव्वाअकरालाच धावत निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, ह्यांनी 'काहीही झालं तरी' असं सांगितलंय."

त्या जोडप्याने महिन्याभरात याच इमारतीत घर घेतलं. आमचं नाही, दुसऱ्या मजल्यावरचं. तिथली दारं उघडतात.

बंगल्याचं नाव मी काढत नाही. तशी परवानगी नाही, आणि खरं सांगायचं तर आता इच्छाही नाही. मी पुन्हा विमा विकणाऱ्याच्या तोऱ्यात सर्वांना सांगतो की या इमारतीइतकी चांगली माणसं कुठे मिळायची नाहीत. फक्त परवा हे सांगत मी बाहेर पडलो आणि किल्ली आत राहिली. या खेपेला दार दंतवैद्य बाईंनी उघडलं. पाचवी किल्ली त्यांच्याकडे असते.