बसतं म्हणून चालतं असं नसतं

साबणेकाकांना जेवायला बोलावलं की पानावर बसण्याआधी ते आमचा कुकर तपासतात. शिट्टी, रिंग, झाकणाची कड, सगळं. इथं जपानमधल्या कावासाकीत आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात; धातुशास्त्रातले डॉक्टर, वय साठीचं, एकटे. एकदा रिंग फाटली म्हणून हिनं इथल्या दुकानातली कुठलीशी रबरी रिंग बसवली होती. काका गॅसपुढे आडवे आले. "वृंदा, बसतं म्हणून चालतं असं नसतं!" त्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणून भागवलं.

हे वाक्य ते ऊठसूट ऐकवतात. माझ्या चार्जरला, पोराच्या बुटांना, एकदा तर शेजारच्या तानाका-सानच्या नव्या जावयालासुद्धा.

पण त्याचं मूळ वाईला आहे. तिथं त्यांच्या आजोबांचं रिव्हॉल्वर, बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातलं. तिथंच धाकटा भाऊ मधू राहतो. दर दसऱ्याला त्याचा फोन येतो, आणि गेल्या दसऱ्याला काका आमच्याकडे जेवत असतानाच तो फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"दादा, नवी काडतुसं मिळालीत. अगदी चपखल बसतात. एक उडवू?"

काकांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. "मध्या, गाढवा! बसतं म्हणून चालतं का? काळी दारू सावकाश जळते, नवी एकदम दाब टाकते. ते लोखंड मऊ आहे. सिलिंडर फुटला तर बोटं जातील!"

"आणि उडवायचंच झालं तर?"

"तर आधी जाणत्या कारागिराला दाखव. भेगा बघून घे, नळीचं माप घे, चेंबर नळीशी सरळ जुळतोय का ते बघ. काडतूससुद्धा त्या जुन्या दाबाचंच हवं. नाहीतर हळदकुंकू वाहा आणि गप्प बस."

"अर्धीच दारू भरली तर?"

"अर्धीसुद्धा नाही!"

असं तासभर चाललं. पुऱ्या गार झाल्या. फोन ठेवल्याबरोबर मी म्हणालो, "काका, हा माणूस एक दिवस हात गमावणार. वाईत कुणाला तरी सांगून ते काढून घ्या ना!"

"ते घरात नाहीच," काका म्हणाले. "केव्हाच पोलिसांत जमा केलंय त्यानं. त्याच्या बायकोनं सांगितलं मला. मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नाही."

"अहो, मग घसा कशाला फोडलात?"

काकांनी गार पुरीचा तुकडा मोडला.

"जमिनीच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं होतं. आई गेली तेव्हाही एका घरात बसून बोललो नाही. मग इथं तो मोठा भूकंप झाला. फोन लागेनात. लागला तो पहिला मध्याचा. बराच वेळ गप्पच होता. बोलायचं काय, सुचेना त्याला. शेवटी म्हणाला, 'दादा, आजोबांच्या रिव्हॉल्वरला नवी काडतुसं चालतील का रे?'"

"आणि तुम्ही?"

"मी टेबलाखाली होतो. घर अजून मधूनमधून हलत होतं. सांगत सुटलो झालं. दाब, माप, भेगा... पलीकडे तो रडत होता. मी थांबलो की म्हणायचा, 'अजून सांग, दादा.'"