मोहीम तिसऱ्या मजल्यावरील झोपेची

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर शहरी, गोलाई नामे गोल बाजारापासोन हाकेच्या अंतरावर, धवलगिरी अपार्टमेंट नामे इमारत आहे. तिचे तिसरे मजल्यावर राजश्री शरणप्पा अस्तरवाले यांनी ठाणे कैसे बसविले, आणि ठाणे बसल्यावर तेथे झोप कैसी आणिली, हे वर्तमान आप्तांनी वारंवार पुसले. कोणी हसत पुसले, कोणी अर्धे ऐकोन उठोन गेले. सबब जैसे घडले तैसे, पदरचे न घालिता, क्रमाने लिहोन ठेविले असे. वाचणारांनी हसावे, त्यास मनाई नाही. परंतु हळू हसावे. कारण शेवटी कळेल.

शके १९१५, श्रीमुख संवत्सर, भाद्रपद मासी गणपती बोळवून लोक निजले असता पहाटेस धरणी कापली. ते समयी राजश्रींचे कुटुंब, सौभाग्यवती नागुबाईसाहेब, किल्लारीपासोन दो कोसांवर माहेरी गेल्या होत्या, आणि उकाडा बहुत म्हणोन अंगणात बाज टाकोन निजल्या होत्या, म्हणोन वाचल्या. घरात निजले ते घरातच राहिले. त्यापुढील लिहिण्यास लेखणी चालत नाही, सबब लिहिले नाही.

तेव्हापासोन बाईसाहेबांनी छताशी वैर धरिले. भाड्याचे घर चांगले असता ते टाकोन परसात पत्र्याचे शेड घातले, आणि चार वर्षे तेथे वास केला. उन्हाळ्यात पत्रा तापे, पावसाळ्यात वाजे, आणि बाईसाहेब उशाशी तांब्या पालथा घालोन त्याचे बुडावर फुलपात्र उभे करीत, की भूमी किंचित हालली तरी फुलपात्र पडोन वर्दी द्यावी. ऐसा हा जासूद चार वर्षे चाकरीस होता. मांजर गेले तरी पडे, मालमोटार गेली तरी पडे, आणि मग बाईसाहेब उठोन अंगणात उभ्या राहात. डोळा मिटे, परंतु झोप म्हणावी ती नसे. राजश्री गोलाईत अस्तर आणि बटनांचा व्यापार करीत. हजार रंगांत नेमका रंग जुळवोन देण्यात त्यांची कीर्ती होती, परंतु घरचे माणसास एक झोप जुळवोन देता येईना, याचा त्यांस अष्टौप्रहर खेद. तेव्हा त्यांनी मनसुबा केला की नागुबाईस पक्क्या छताखाली निजविल्याखेरीज आपला व्यापार तो व्यापार नव्हे.

त्याच समयी हणमंतराव, किताब बिल्डर, यांनी धवलगिरी उभी करोन दोन वर्षे जाहली होती. समोर उघड्यावर पार्किंग, बाहेरोन उघडा जिना, आणि तीन मजले, मजल्यास चार याप्रमाणे बारा फ्लॅट. आणि बाराही रिकामे. शहराचा दस्तूर ऐसा की जमिनीचा तुकडा घ्यावा आणि बसके घर बांधावे. दुसऱ्याचे डोक्यावर राहणे वा दुसऱ्यास डोक्यावर घेणे लोकांस मानवेना, त्यात भूकंपाची दहशत ताजी. लोक येत, मान वर करोन पाहात, आणि तीच मान हालवीत जात. बुकिंगचा फलक उन्हाने उडाला, तो पुन्हा रंगविला, पुन्हा उडाला. हणमंतरावांनी प्रथम पंखा भेट जाहीर केला, मग पंख्यासोबत पक्ष्यासारखी चिवचिवणारी बेल जाहीर केली. तरी एक खरीददार फिरकेना.

राजश्रींनी मात्र इमारत पाहिली, कॉलम पाहिले, बीम पाहिले, आणि दगडमातीने माणसे मारिली, लोखंड-सिमेंट तैसे करणार नाही, हे इंजिनियराचे तोंडोन तीन वेळा वदवोन घेतले. सज्जांत साड्या वाळत होत्या, त्यावरोन वस्तीही जाहली ऐसे त्यांस दिसले. मग पाडव्याचे मुहूर्तावर सौदा पुरा करोन घरी आले आणि वर्दी दिली.

बाईसाहेब भाकरी थापीत होत्या. हात न थांबविता बोलल्या, "काय ओ, डोक्यावर तीन मजले घेऊन झोपायचं का म्या?"

राजश्री म्हणाले, "तीन कुठले? हिशेब ऐक. खालच्याच्या डोक्यावर तीन स्लॅब. आपण घेतलं सगळ्यात वरचं. आपल्या डोक्यावर एकच."

"अन् पायाखाली?"

पायाखालचा विचार मसलतीत जाहला नव्हता. राजश्रींनी पाणी पिण्याचे निमित्ताने माघार घेतली.

पुढे वैशाखात प्रवेश जाहला. हणमंतरावांनी खासा येऊन बेल लाविली आणि दहा वेळा वाजवोन दाखविली. बाईसाहेबांनी तहाची कलमे सांगितली ती ऐशी: दिवसा वर येईन, स्वयंपाक करीन, दार उघडे राहील, आणि दिवेलागणीस खाली जाईन. त्याप्रमाणे बाज पार्किंगात पडली, उशाशी तांब्या आणि फुलपात्र बसले, आणि इमारतीचे पहारेकरी केरबा यांस दुसरी बाज टाकोन मधोमध राजश्री निजू लागले. येणेप्रमाणे तीन खोल्यांचे धनी मोटारींचे जागेत राहिले. गोलाईतील व्यापारी पुसत, "अप्पा, वर हवा कशी हाय?" राजश्री म्हणत, "झकास." हवा पार्किंगातही झकास होती, सबब हे असत्य नव्हे.

आठ दिवस लोटले आणि बाईसाहेबांनी केरबास सज्जाखाली उभे केले.

"केरबा, ती हिरवी साडी कुणाची रे?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या वैनीची."

"आठ दिस एकच साडी धुऊन राहिली का वैनी? अन् धुतेली साडी निथळत न्हाई कशी? खाली एक थेंब दाखव मला."

केरबांनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि शस्त्र ठेविले. मग गुप्त कारस्थान बाहेर पडले ते ऐसे: साड्या हणमंतरावांचे घरच्या, त्यांची बायको आणि दोन भावजया यांच्या. केरबांनी रोज सकाळी त्या रिकाम्या सज्जांत टांगाव्या, सांजेस काढाव्या, आणि चार खोल्यांतील दिवे लावोन यावे, की पाहणारास वाटावे वस्ती भरली. बारा फ्लॅटांत माणसे म्हणावी तर शरणप्पा आणि नागुबाई, तीही पार्किंगात.

हणमंतरावांस बोलावणे गेले. ते येऊन खाली मान घालोन उभे राहिले. "वैनी, रिकामी बिल्डिंग दिसली की माणूस पायरी चढत न्हाई. म्हणून जरा..."

"मग माणसं आणा की ओ! साड्या काय आणता?"

हणमंतराव गेले. राजश्रींस वाटले आता वळवाचा मारा आपणावर होणार. परंतु बाईसाहेब वर आल्या, सुपात डाळ घेऊन बसल्या, आणि खडे वेचता वेचता, कोणाकडे न पाहता, बोलल्या, "तिकडं बी असंच होतं. उजाडल्यावर. एवढं मोठं गाव अन् आवाज न्हाई कुणाचा." आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

चार वर्षांत त्या दिवसाविषयी इतकेच. तेव्हा राजश्रींस उमज पडला की शत्रूची छावणी भलतेच दिशेस आहे आणि आपण आजवर दुसरेच बुरुजावर तोफा लावीत होतो.

मग राजश्रींनी इमारत भरविण्याचा विडा उचलिला. दुकानी येणारे प्रत्येक गिऱ्हाइकास अस्तर मोजता मोजता धवलगिरीचे गुण सांगू लागले. गिऱ्हाइके म्हणत, "अप्पा, डझनभर बटनं द्या. फ्लॅट राहू द्या." ऐसा महिना गेला आणि एकही असामी फुटली नाही.

इतक्यात ज्येष्ठ सरला आणि शिकवण्यांचा हंगाम उभा राहिला. डॉक्टर-इंजिनियर होण्यास लातुरासच यावे लागते, ही आवई तोवर मुलुखभर पसरली होती. त्यामुळे चहूंकडोन मुले, ट्रंका, गाद्या आणि घासलेटचे स्टो यांच्या फौजा बसस्टँडावर उतरू लागल्या, आणि शहरात खोली म्हणोन उरेना. राजश्री दुकान बंद करोन खासे स्टँडावर गेले. तेथे लिंबाखाली नायगावचे पंढरी मास्तर, त्यांची कन्या दामिनी आणि तिच्या तीन मैत्रिणी ट्रंकांवर बसल्या होत्या. सकाळपासोन अकरा ठिकाणी नकार पावल्या होत्या. राजश्रींनी त्यांस रिक्षात घालोन धवलगिरीस आणिले. हणमंतराव प्रथम अडले, की इमारत विकावयाची आहे, भाड्याने द्यावयाची नाही. राजश्रींनी हिरवे साडीचे फक्त नाव काढिले, आणि किल्ल्या हाती आल्या.

परंतु मास्तर चतुर. पार्किंगातील बाज पाहोन थबकले. "ही बाज कुणाची?"

"आमच्या घरच्यांची," राजश्री म्हणाले.

"मग त्या वर का झोपत न्हाईत?"

मोहीम तेथेच बुडावी ऐसा समय आला. पोरी ट्रंकांचे कडे धरोन उभ्या. इतक्यात बाईसाहेब जिन्यावरोन उतरत आल्या, पोरींकडे पाहिले, धुळीने भरलेले पाय पाहिले, आणि बोलल्या, "मला वर गरम होतंय, गुरुजी. इमारत पक्की हाय. ऱ्हाऊ द्या पोरींला. म्या हाय की हितं."

बाईसाहेबांनी उभ्या जन्मात धवलगिरीची बाजू घेतली ती ही पहिली. मास्तर निश्चिंत होऊन गेले.

मग नायगावमागोन धर्माबाद आले, उदगीर आले, अहमदपूर आले. महिन्यात दहा फ्लॅट पोरींनी भरले, आणि पोरीमागे एक याप्रमाणे सायकली आल्या. सायकलींनी पार्किंगास वेढा दिला. आज पायथा गेला, उद्या उशी गेली, आणि आषाढात बाजेस चोहीकडोन हँडलांनी घेरिले. त्यात दुसरी एक बोच होती. लेकरांस स्लॅबखाली निजविले आणि आपण मोकळ्यात निजतो, हे बाईसाहेबांस गिळवेना. रोज दिवेलागणीस चार पायऱ्या चढोन बजावीत, "पोरींनो, दाराला कडी लावू नका गं, नुसतं लोटा." दामिनी वरून म्हणे, "काकू, तुम्हीच या की वर, तुम्हीच बघा." ते ऐकोन बाईसाहेब चार पायऱ्या पुन्हा उतरत.

मग आषाढात बाज पहिले जिन्याचे वळणावर चढली. दसऱ्यास दुसरे वळण हस्तगत जाहले. दिवाळीस बाज तिसऱ्या मजल्यावर खुद्द उंबऱ्यावर आली, आणि तेथे नवा तह ठरला की दोन पाय घरात, दोन पाय बाहेर. बाईसाहेबांचे पाय स्लॅबखाली आणि मस्तक जिन्यात. राजश्रींनी ही सरहद्द एक वीतही रेटिली नाही. कोणी सल्ला दिला की जरा आत ओढा. राजश्रींनी फर्मावले, "बाजेला हात लावायचा न्हाई कुणी."

शके १९१९, ईश्वर संवत्सर, माघ मास. बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि पोरी थंडीच्या दिवसांत उन्हासाठी गच्चीवर फेऱ्या घालीत पाठांतर करू लागल्या. राजश्री दोन प्रहरी जेवणास घरी आले. दार उघडे. आत बैठकीत, उंबऱ्यापासोन पुरते सहा हात आत, परातीत अर्धे सोललेले वाटाणे, आणि परातीशेजारी जमिनीवर, हात उशाला घेऊन, नागुबाईसाहेब निजलेल्या. डोईवर स्लॅब. स्लॅबवर आठ-दहा पोरींच्या चपला फटफट करीत इकडोन तिकडे, आणि बेडकाचे हृदयास कप्पे तीन, तीन, तीन, ऐसा घोष.

राजश्री चौकटीतच उभे राहिले. श्वासही बेताने घेतला.

तोच जिन्यात पावले वाजली. हणमंतराव, हाती पेढ्यांचा पुडा, दोन-दोन पायऱ्या चढत आले आणि त्यांचे बोट थेट बेलकडे गेले. राजश्रींनी झडप घालोन ते बोट मुठीत धरिले.

"अप्पा, विकला!" हणमंतराव पुटपुटले. "दुसऱ्या मजल्यावरचा! धर्माबादचे आडते, पोरगी शिकायला ठिवायची म्हणून..."

राजश्रींनी दुसरे हाताने आत दाखविले. हणमंतरावांनी वाकोन पाहिले. मग चपला काढिल्या, हातात घेतल्या, पुडा उंबऱ्यावर ठेविला, आणि राजश्रींनंतर जाहलेला पहिलाच विक्रा न मिरविता, अनवाणी, कठडा धरोन खाली उतरले. त्यांचे हे वर्तन नमूद करणे प्राप्त आहे.

मग राजश्रींनी विजेचा मेन पाडिला, पिशवीतोन अस्तर कापण्याची कात्री काढिली, आणि बेलची तार तोडिली. तार तुटली इतक्यात गच्चीवर पोरींनी काही कारणे एकच धाव घेतली, खिडकीतील तांब्यावरील फुलपात्र डळमळले, आणि खणकन फरशीवर पडोन गरगरत मोरीपर्यंत गेले. चार वर्षांचा जासूद पडला.

बाईसाहेबांनी कूस बदलली. डोळे न उघडता म्हणाल्या, "पोरी हायत वर." आणि पुन्हा निजल्या.

येणेप्रमाणे माघ शुद्ध पक्षी, दोन प्रहर टळल्यावर अडीचापासोन पाच वाजेपर्यंत, नागुबाईसाहेब पक्क्या छताखाली निजल्या. राजश्री दारात बसोन राहिले. दुकान बंद राहिले, जेवण थंड जाहले, वाटाणे तेवढे त्यांनी सोलोन ठेविले. फत्ते जाहली. लढाईत तार एक तुटली, फुलपात्रास पोचा आला. याखेरीज नुकसान नाही. बाज पुढे केरबास बक्षीस दिली.

धवलगिरीचे फ्लॅट मग एकेक करोन सर्व गेले. पोरी दरसाल नव्या येतात, बेडकाचे कप्पे तेच आहेत. राजश्री शरणप्पा गेले मार्गशीर्षात लिंगैक्य जाहले. बाईसाहेब दुपारी तेथेच, त्याच फरशीवर निजतात; फुलपात्र आता पाणी पिण्याकडे आहे. बेलची तार जोडिली नाही. कात्री दारामागे खिळ्यास आहे, काढिली नाही.

भेटीस येणारांनी दार बोटांनी हळू वाजवावे. उत्तर न आल्यास जिन्याचे पायरीवर जरा बसावे. वरून पोरींचा आवाज येत असल्यास काळजी न करावी. निजल्या आहेत.