कोपर रुळाच्या बाहेर होतं

"वळणाऱ्या गाडीला सायकलवाला धडकतो, तो निव्वळ अज्ञानामुळे!" असं श्यामकांत टिपणीस छातीठोकपणे सांगायचे. सांगण्याचा त्यांना हक्कच होता. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत ते सुरक्षा अधिकारी होते आणि कंपनीच्या गेटवर त्यांनी स्वतः लावलेल्या फळ्यावर त्या सोमवारी 'अपघाताविना दिवस : ३६२' असा आकडा झळकत होता.

तीनशे पासष्ट झाले की प्रत्येक कामगाराला कंपनीकडून मिक्सर मिळणार होता. तीन भांड्यांचा! फिटर राजरत्नच्या बायकोने, किर्तीने, तर घरातला जुना मिक्सर बहिणीला देऊनही टाकला होता. गेले आठ दिवस ती पाट्यावर चटणी वाटत होती आणि रोज संध्याकाळी नवऱ्याला उंबऱ्यातच अडवून विचारत होती, "आज कोणी पडलं नाही ना?"

अशा वेळी शहाण्या माणसाने तीन दिवस केबिनमध्ये पंखा लावून बसावं. पण टिपणीसांना एक काळजी छळत होती. सकाळी पाळी भरताना सायकलवाले रस्त्याच्या डाव्या कडेने येत, आणि त्याच वेळी मोटारी त्यांना ओलांडून डावीकडे गेटात वळत. मागच्याच पंधरवड्यात पॅकिंगच्या एका माणसाचं हँडल मोटारीच्या दाराला चाटून गेलं होतं. म्हणून टिपणीसांनी ठरवलं, मंगळवारी सकाळी गेटवर सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक! मोटार कंपनीची, ड्रायव्हर चंदू, आणि सायकलवर स्वतः टिपणीस!

"तुम्ही सायकल शेवटची कधी चालवलीत?" त्यांच्या पत्नीने, मीनलताईंनी, चहा गाळता गाळता विचारलं.

"सायकल माणूस कधीच विसरत नाही."

"माणूस नाही विसरत हो. गुडघे विसरतात."

टिपणीसांनी हे वाक्य तांत्रिक नसल्यामुळे सोडून दिलं.

सोमवारी त्यांनी तयारी म्हणून दोन व्याख्यानं दिली. सकाळी ड्रायव्हर मंडळींना: "वळण्याआधी डावा आरसा बघा. सायकलवाला दिसला, की आधी त्याला जाऊ द्या, मग वळा." दुपारी सायकलवाल्यांना: "वळणाऱ्या गाडीच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नका. तिच्या मागे राहा. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आधी तिला वळू द्या, मग जा." दोन्हीकडे टाळ्या पडल्या. दोन्ही व्याख्यानं एकाच वेळी अमलात आली तर काय होईल, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी पावणेसातला गेटबाहेर दीडशे माणूस जमला. फळ्यावर ३६३ होते. टिपणीसांनी हेल्मेट घातलं, पिवळं जाकीट घातलं, कॉलरला माइक अडकवला आणि राजरत्नची सायकल हातात घेतली.

"ब्रेक बरोबर आहेत ना?"

"मागचा लागतो, साहेब. पुढचा त्याच्या मनात आलं तर लागतो."

कोपऱ्यापासून टिपणीस निघाले. सुरुवातीची दहा पावलं सायकल इंग्रजी एसच्या आकारात गेली, पण मग सरळ झाली. मागून चंदू आला, ठरल्याप्रमाणे त्यांना ओलांडून पुढे गेला आणि गेटाशी त्याने डावा दिवा लावला. आता त्याने आत वळायचं आणि टिपणीसांनी वेग कमी करून त्याच्या मागून गेटात शिरायचं, एवढंच होतं.

चंदूने आरशात बघितलं. साहेब येत होते. चंदूने करकचून ब्रेक मारला.

"बघा! गाडी वळते आहे, म्हणून मी थांबलो!" टिपणीस माइकवरून म्हणाले आणि एक पाय टेकून उभे राहिले. "चंदू, वळ."

चंदूने काच खाली केली. "नाय साहेब. तुम्ही आधी."

"अरे, मी थांबलोय. तू वळ!"

"सायकलवाल्याला आधी जाऊ द्यायचं, हे कालच शिकवलंत ना! मी पहिल्या बाकावर होतो!"

"ते ड्रायव्हरसाठी होतं!"

"मग मी कोण आहे?"

तेवढ्यात मागे एक टँकर येऊन थांबला. टँकरमागे दोन टेम्पो, टेम्पोंमागे कंपनीची बस. बसमधून डोकी बाहेर आली. "अरे, चल ना भाऊ!" असं कोणीतरी ओरडलं, ते चंदूला वाटलं आपल्याला आणि टिपणीसांना वाटलं आपल्याला. दोघं एकदम निघाले. दोघं एकदम थांबले.

"तुम्ही या, साहेब!"

"नाही, तूच जा!"

पुन्हा दोघं निघाले, पुन्हा दोघं थांबले. लग्नाच्या पंगतीत दोन व्याही पहिल्या पाटासाठी एकमेकांना आग्रह करतात, तसं हे चाललं होतं. फक्त त्यांच्या मागे टँकर नसतो.

तिसऱ्यांदा टिपणीसांनी आधी चंदूचं तोंड आरशात नीट दिसतंय का हे तपासायचं ठरवलं. दिसत होतं. चंदू मान हलवत होता. हो म्हणून की नाही म्हणून, हे कळायच्या आत टँकरने हॉर्न दिला. त्या आवाजाने टिपणीस सायकलसकट दचकले, त्यांचे पाय आपोआप फिरले आणि नजर आरशातच असताना ते मोटारीच्या डाव्या अंगाने गेटात शिरले. म्हणजे नेमकं जिथे शिरू नये म्हणून काल पाऊण तास समजावलं होतं तिथेच! पुढचं चाक सरकत्या गेटच्या रुळाच्या खाचेत बसलं. पुढच्या ब्रेकच्या मनात त्याच क्षणी आलं. सायकल थांबली. टिपणीस थांबले नाहीत.

हँडलवरून कोलांटी खाऊन ते पाय पुढे, डोकं मागे असे रुळावरच आडवे झाले. माइक चालूच होता. "अगं आई गं!" सगळ्या एमआयडीसीने ऐकलं.

"गाडी लागली नाही!" जमिनीवरून पुढचं वाक्य आलं. "गाडी लागली नाही, हे सगळ्यांनी बघितलं ना?"

सगळ्यांनी बघितलं होतं. पण दीडशे जणांची नजर आता फळ्यावरच्या ३६३ वर होती.

सगळ्यात आधी राजरत्न धावला. तो टिपणीसांपाशी उकिडवा बसला, त्यांना पाणी दिलं आणि खिशातून मोजपट्टी काढली. "हलू नका साहेब. माप घेऊ द्या."

"कसलं माप?"

"रुळाच्या आत कंपनी, बाहेर रस्ता. आत पडलात तरच फळ्यावर धरायचं ना? दुखतंय कुठे?"

"कोपर!"

"कोपर चार इंच बाहेर आहे!" राजरत्न ओरडला आणि एकच जल्लोष झाला. बसमधल्या लोकांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"पाय आत आहेत," चंदू म्हणाला.

"पायाला काय झालंय? आणि मुळात साहेब पडलेच नाहीत. ते सायकलवरून उतरले. पायाऐवजी कोपरावर उतरले, एवढंच!"

मॅनेजरसाहेब खाली आले, माप बघून त्यांनीही मान डोलावली. तेही गेले वर्षभर हेड ऑफिसला हाच आकडा कळवत होते. "मग टिपणीस, रस्त्यावरचा अपघात. आपल्याकडे नोंद नाही. बरोबर?"

टिपणीसांचं कोपर एव्हाना पावभाजीच्या पावाएवढं फुगलं होतं. समोर दीडशे चेहरे होते, त्यातला राजरत्नचा सगळ्यात जवळ. एक 'हो' म्हटलं की दीडशे मिक्सर! त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही नियमावलीच आली.

"नियम अकरा," ते हळूच म्हणाले. "कर्मचारी ड्युटीवर असेल, तर गेटाबाहेर पन्नास मीटरपर्यंतचा अपघात धरायचा."

"हा नियम कोणी घातला?" मागून आवाज आला.

"मी."

राजरत्नने मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली.

दवाखान्यात प्लास्टर घालून टिपणीस दुपारी परत आले. फळ्यावरचा आकडा त्यांनी स्वतः डाव्या हाताने पुसला आणि शून्य काढलं. ते जरा वाकडं आलं. अपघाताच्या फॉर्मवर 'पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय' ह्या रकान्यात त्यांनी दीड पान मजकूर सांगून लिहून घेतला. मॅनेजरसाहेबांनी तो सगळा खोडून एकच ओळ लिहिली: 'सुरक्षा अधिकाऱ्यांनी सायकल चालवू नये.'

पाळी सुटली तेव्हा गेटवरची एकही रिक्षा त्यांच्यासाठी थांबेना. रिक्षांत बसलेले सगळे कंपनीचेच होते आणि सगळे आभाळाकडे बघत होते. शेवटी राजरत्नने सायकल आणून उभी केली. त्याला खरवईला जायचं होतं, टिपणीसांना अलीकडे चिखलोलीला.

"बसा मागे."

"कॅरियरवर माणूस बसवणं नियमात—"

"मग चालत या."

टिपणीस बसले.

"किर्तीताई काय म्हणतील रे?"

"ते मी घरी गेल्यावर कळेल, साहेब."

पुढच्या नाक्यावर एक पांढरी मोटार भरधाव त्यांना ओलांडून गेली आणि दिवा न लावताच डावीकडे वळली. टिपणीसांनी चांगल्या हाताने राजरत्नचा शर्ट घट्ट धरला. राजरत्नने पायडल मारायचं थांबवलं, मोटारीला जाऊ दिलं आणि तिच्या मागून अलगद सायकल पुढे काढली.

टिपणीसांचा ऊर भरून आला. "राजरत्न! हे कालच्या व्याख्यानातलंच ना?"

"नाही साहेब. काल मला झोप लागली होती."

"मग थांबलास कसा?"

"कसा म्हणजे?" राजरत्नने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. "ती वळत होती ना, साहेब!"